ब्रह्मदेशात प्रवेशाचा परवाना: १९४१ च्या करारातील पात्रता आणि कागदपत्रे

१ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश भारतापासून वेगळा झाला, तरी भारतीयांच्या ये-जा करण्यावर लगेच बंधन आले नव्हते; बोटीच्या डेकचे तिकीट काढले की रंगूनला उतरता येत असे. १९३८ च्या भारतीयविरोधी दंगलींनंतर मात्र भारतीयांच्या स्थलांतराची चौकशी ब्रह्मदेश सरकारचे आर्थिक सल्लागार जेम्स बॅक्स्टर यांच्याकडे सोपवण्यात आली. त्यांच्या अहवालाच्या आधारे, युद्ध चालू असतानाच, सर गिरिजाशंकर बाजपेयी यांच्या भारतीय शिष्टमंडळाने ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ सॉ यांच्या सरकारशी वाटाघाटी करून १९४१ च्या मध्यास करार केला.

१ ऑक्टोबर १९४१ पासून वैध पारपत्र आणि त्यासोबत ब्रह्मदेश सरकारचा व्हिसा किंवा स्थलांतर परवाना नसेल, तर कोणाही भारतीयाला प्रवेश मिळणार नाही, असे त्यात ठरले. ‘ए’ परवान्यावर बेमुदत राहून नोकरी करता येणार होती, तर ‘बी’ परवाना ठरावीक मुदतीचा होता. पाहुणे आणि विद्यार्थी यांच्यासाठी व्हिसाची सोय होती. अकुशल मजुरांना तर भारत सरकारनेच जुलै १९४१ मध्ये तिकडे जाण्यास मनाई केली. परवानाधारक पुरुषाने स्थानिक स्त्रीशी विवाह किंवा सहवास केल्यास परवाना रद्द करण्याची मुभाही ब्रह्मदेश सरकारने स्वतःकडे ठेवली होती. घरसंसाराचा हा प्रश्न परवान्याच्या अटींत यायलाच नको होता.

आधीपासून तेथे असलेल्यांपैकी, ब्रह्मदेशातच जन्मून वाढलेल्या आणि तेथेच कायम घर केलेल्या भारतीयांचा हक्क मान्य झाला. इतरांना विशेष दर्जा हवा असेल, तर १५ जुलै १९३२ ते १५ जुलै १९४१ या काळात एकूण सात वर्षांचे वास्तव्य आवश्यक होते आणि सलग एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास तो दर्जा जाणार होता.

खरी अडचण पुराव्याची होती. दुकानदाराकडे भाडेपावत्या आणि हिशेबाच्या वह्या असत. पण मेस्त्रीच्या, म्हणजे आपल्याकडच्या मुकादमाच्या, टोळीत गोदीवर हमाली करणारा तेलुगू मजूर दाटीवाटीच्या बराकीत राही आणि तेथे त्याच्या नावाची पावती फाडली जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने सात वर्षे मोजून कशी दाखवायची? अशा माणसांचे भवितव्य ठरवताना त्यांच्या प्रतिनिधींना विश्वासात घेतले गेले नाही, ही भारतातून झालेली टीका मला पूर्णपणे रास्त वाटते. गांधीजींनीही करारावर जाहीर टीका केली होती.

२३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर जपानी बॉम्ब पडले आणि लाखो भारतीय आराकान व मणिपूरच्या वाटांनी पायी निघाले. युद्धानंतर परतू पाहणाऱ्यांपुढे १९४७ चा आणीबाणीचा स्थलांतर कायदा उभा राहिला आणि त्यातही पारपत्रावरचा व्हिसा किंवा परवाना, यांपैकी एक कागद दाखवणे बंधनकारक होते.