नाशिक तीर्थक्षेत्र आहेच, पण ते कारागिरांचं गावही आहे

सिंहस्थ जवळ आला की नाशिकवर सगळीकडे लिहून येतं, रामकुंड, काळाराम, तपोवन, आखाडे, आणि ते यायलाच पाहिजे. पण २०२७ च्या तयारीत ज्या शहराची एवढी चर्चा चाललीय, ते दोन हजार वर्षांपासून हातानं काम करणाऱ्यांचंही शहर आहे, आणि संस्कृती म्हणून आपण जे मिरवतो त्यातलं बरंचसं याच कामातून आलंय. ही बाजू कायम मागे राहते म्हणून ही पार्श्वभूमी.

सुरुवात पांडवलेण्यापासूनच, म्हणजे नाशिकजवळच्या बौद्ध लेण्यांपासूनच करावी लागते. तिथल्या एका शिलालेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं भिक्षूंसाठी दिलेल्या दानाचा हिशोब कोरलाय. एकूण तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, आणि ते ठेवले कुठे, तर नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे! एकीकडे दोन हजार, महिना शेकडा एक व्याजानं, दुसरीकडे एक हजार, पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं २४०, त्यातून वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी बारा, हिशोब अगदी चोख जुळतो. म्हणजे राजघराण्यातला माणूस विणकरांच्या संघटनेवर बँकेसारखा विश्वास ठेवत होता. मला हा शिलालेख नाशिकच्या औद्योगिक इतिहासाचं पहिलं पान वाटतो. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेनं आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अशाच ठेवी ठेवल्या, त्यात कुंभार, तेली आणि चक्क पाण्याची यंत्रं बनवणाऱ्यांच्याही श्रेणी आहेत.

मधला काळ पटकन सांगतो. मुघलांनी गावाला गुलशनाबाद म्हटलं, पेशवाईत पुन्हा नाशिक झालं, मंदिरं आणि घाट उभे राहिले, आणि यात्रेकरूंच्या जोरावर तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा वाढला. तांबट लेन आणि भांडी बाजार ही नावं आजही तीच आहेत. मग १८६० च्या दशकात थळ घाटातून रेल्वे आली आणि मुंबई जवळ झाली, पण स्टेशन गावापासून लांब, त्यामुळे नाशिकरोड ते गाव अशी घोड्यांनी ओढायची ट्राम बरीच वर्षं चालली.

आता दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्म, हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते आधी छपाईतले माणूस होते हे विसरायला होतं. फोटोग्राफी, लिथोग्राफी, ब्लॉक बनवणं, हे सगळं त्यांनी हातानं केलेलं. दादरला 'राजा हरिश्चंद्र' केला, १९१३ मध्ये तो लागला, आणि लगेच त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड आणि काम दोन्ही नाशिकला हलवलं. 'मोहिनी भस्मासुर' इथं झाला, त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे भारतीय पडद्यावर काम करणाऱ्या पहिल्या बायका. 'लंकादहन' १९१७ चा, आणि १९१८ ला हिंदुस्थान फिल्म कंपनी. चित्रपट त्या काळी खरोखर कारखान्यासारखाच बनायचा, सेट, शूटिंग, फिल्म धुणं, जोडणं, सगळं एकाच ठिकाणी. सरस्वतीबाई फाळके तर सुरुवातीपासून कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सगळं करायच्या, त्यांचं नाव दादासाहेबांच्या बरोबरीनं घेतलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं. दादासाहेब १९४४ ला नाशिकमध्येच गेले.

फाळक्यांची कंपनी चालू असतानाच नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभी राहत होती. तोपर्यंत भारताची पोस्टाची तिकिटं इंग्लंडमध्ये छापली जायची, ती १९२५-२६ पासून इथं छापायला लागली, आणि १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू होऊन पाच रुपयांची नोट निघाली. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, तिरंगा आणि 'जय हिंद' वालं, २१ नोव्हेंबर १९४७ चं, तेही नाशिकचंच. एवढंच नाही तर फाळणीनंतर सुरुवातीला पाकिस्तानात चाललेल्या नोटासुद्धा इथंच छापून गेल्या होत्या, भारतीय नोटांवरच पाकिस्तान सरकारचं नाव टाकून. त्यामुळे नाशिकरोडला 'प्रेसमध्ये आहे' एवढं म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही, पिढ्यानपिढ्या घरं त्या नोकरीवर उभी राहिली.

१९६४ ला ओझरला एचएएल, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आला, मिग विमानं बनायला लागली, आणि गावाचं नावच लोकांच्या तोंडी 'ओझर मिग' झालं. सातपूर आणि मग अंबड एमआयडीसी भरत गेली, मायको, महिंद्रा, क्रॉम्प्टन. मायकोचं नाव बदलून बॉश झालं तरी चौक मायको सर्कलच राहिला.

या कारखान्यांनी माणसं आणली, आणि हा भाग सांस्कृतिक इतिहासात जवळजवळ येतच नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेली हजारो कुटुंबं सातपूरला आणि सिडकोच्या छोट्या घरांत राहायला लागली, पाळ्या करायला लागली, आणि सोबत अहिराणी घेऊन आली. आता श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सिडकोत कानबाई, ही खानदेशची देवी, बसते, नैवेद्याचे रोट होतात, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी वाजतगाजत मिरवणूक निघते. जुन्या नाशकात पेशव्यांपासूनची रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंग खेळायचा जमिनीतला हौद, आहे, तशी नव्या नाशकात ही कानबाई आहे, आणि ती एमआयडीसीच्या पाळीत उभं राहणाऱ्या कामगारांनी इथं आणून बसवलीय.