महूचं मत इंदूरला जात नाही

आमच्याकडे इंदुरात पोह्यांच्या गाडीवर हमखास ऐकू येणारं वाक्य: "महू इंदूर जिल्ह्यात, म्हणजे तिथला खासदार इंदूरचाच." जिल्हा इंदूर, हे खरं. खासदार मात्र धारचा!

इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या ९ जागा आहेत. त्यातल्या ८ इंदूर लोकसभेत येतात: शहराच्या ५, शिवाय राऊ, देपालपूर आणि सांवेर. उरलेली महूची जागा धार लोकसभेत आहे. सरदारपूर, गंधवानी, कुक्षी, मनावर, धरमपुरी, धार आणि बदनावर हे तिचे सात सोबती. त्यातले पहिले पाच अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत.

गोंधळ होतो तो इथेच. महूची विधानसभेची जागा खुली आहे, पण धार लोकसभा राखीव. म्हणजे महूचा तोच मतदार, तेच मतदार ओळखपत्र. विधानसभेला उमेदवार कुणीही असू शकतो, लोकसभेला फक्त अनुसूचित जमातीचा. "मग तिथे मतदानही आदिवासींनीच करायचं ना?" असं एका काकूंनी मला विचारलं होतं. नाही हो काकू, राखीव असते ती उमेदवारी. मत सगळ्यांचं.

२०२४ ला इंदुरात 'नोटा'ला २,१८,६७४ मतं पडली, देशभर चर्चा झाली. त्यात महूचं एकही नव्हतं. ज्या गावात १८९१ साली बाबासाहेब आंबेडकर जन्मले, तिथल्या मतांनी त्या वेळी धारचा निकाल ठरत होता, जिथून सावित्री ठाकूर खासदार झाल्या.