रस्त्यावरचं मीठ विहिरीत कसं उतरतं

पॉट आइस्क्रीम फिरवताना बादलीतल्या बर्फावर मूठमूठ खडेमीठ टाकतात, ते आपण लहानपणापासून पाहिलंय. मिठामुळे बर्फ शून्य अंशाखालीही वितळत राहतो. अमेरिका-कॅनडात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरतात ते याच गुणासाठी. बादलीतलं खारं पाणी मोरीतून निघून जातं. रस्त्यावरचं जमिनीत मुरतं.

तिकडेही ही रीत जुनी नाही. घोड्यांच्या काळात रस्त्यावरचा बर्फ हवाच असायचा. बिनचाकी घसरगाड्या नीट चालाव्यात म्हणून त्यावर रोलर फिरवून तो दाबून बसवत. छप्पर असलेल्या लाकडी पुलांवर तर बाहेरून बर्फ आणून टाकत! मोटारी आल्या आणि सगळं उलटं झालं. आधी राख आणि वाळू टाकून भागवलं. १९३८ च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याने मिठाचा प्रयोग केला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात देशभरातल्या महामार्गांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडलं. आज हा आकडा वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास आहे. महायुद्धानंतर गाड्या वाढल्या, मीठ स्वस्त होतं आणि डांबर उघडं दिसल्याशिवाय लोकांचं समाधान होईना.

मिठाचे दोन भाग, सोडियम आणि क्लोराइड, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या. सोडियम चिकणमातीला धरून बसतो आणि तिथले कॅल्शियम-मॅग्नेशियम हुसकावून पाण्यात ढकलतो, म्हणून पाणी जडही होतं. सोडियम साचलेली माती कशी होते ते आपल्याकडे चोपण रान कसणाऱ्याला सांगायला नको. क्लोराइडला मात्र कुणी अडवत नाही. माती धरत नाही, जिवाणू खात नाहीत, उकळून ते जात नाही. पाणी जाईल तिथे ते जातं.

१९७२ साली, इकडे मराठवाडा दुष्काळात होरपळत असताना, ‘सायन्स’ या साप्ताहिकात मॅसॅच्युसेट्सच्या भूजलाचा हिशेब छापून आला होता: दरवर्षी एवढंच मीठ पडत राहिलं तर जमिनीखालचं पाणी कुठवर खारावेल? म्हणजे धोका पन्नासहून अधिक वर्षं कागदावर आहे. २००५ च्या एका अभ्यासात ईशान्य अमेरिकेतल्या काही ओढ्यांत ऐन उन्हाळ्यातही क्लोराइड रानातल्या स्वच्छ ओढ्यांच्या शंभर पटीपर्यंत आढळलं. उन्हाळ्यात मीठ टाकतं कोण? कुणीच नाही. मागच्या कित्येक हिवाळ्यांचं मीठ भूजलात साठलेलं असतं, ते झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर येतं. आज मीठ बंद केलं तरी विहीर लगेच गोडी होत नाही, ती यामुळेच.

प्रमाण आपल्या मापात सांगायचं तर दहा हजार लिटरच्या टँकरला साधारण चार किलो मीठ पुरे. तेवढ्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमवर जातं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा तीच आहे. दुसरा स्रोत नसेल तर १,००० पर्यंत चालवून घेतात.

मराठवाड्यात बर्फ पडत नाही, रस्त्यावर मीठही नाही. पण क्लोराइडला रस्ताच लागतो असं कुठे आहे? शोषखड्डा, गावाचं गटार, लाल पोटॅश (ते पोटॅशियम क्लोराइडच) यांतूनही ते उतरतं. आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, पाणी धरतो तो मुरमात आणि खडकाच्या भेगांत. साठा थोडा, आणि भेगेतून घाण उतरायला वेळ लागत नाही. बोअरच्या पाण्याच्या अहवालात क्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही जोडीने वाढलेले दिसले, तर माझा पहिला संशय शोषखड्ड्यावर जातो, कारण सांडपाण्यातून दोन्ही उतरतात.

शहरातल्या अपार्टमेंटमध्ये आता आणखी एक वाट उघडली आहे. बोअरचं जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरमध्ये पोत्याने मीठ ओतलं जातं आणि धुवणाचं खारं पाणी बाहेर सोडलं जातं. त्याचा पाइप कुठे जातो, हे सोसायटीच्या बैठकीत विचारून पाहावं. बहुतेक ठिकाणी तो बोअरपासून फार लांब नसतो.