मिश्रण पद्धती (उष्णतामापन)

तापवलेला धातू ज्ञात वस्तुमानाच्या थंड पाण्यात टाकून, दोन्हींचे तापमान सारखे झाल्यावर धातूची विशिष्ट उष्णता (एक ग्रॅम पदार्थाचे तापमान एक अंशाने वाढवण्यास लागणारी उष्णता) काढण्याची रीत. परिसराशी देवघेव होत नसेल, तर धातूने गमावलेली उष्णता पाणी व भांडे यांनी मिळून घेतलेल्या उष्णतेइतकी असते, या उष्णता विनिमयाच्या तत्त्वावर ती आधारलेली आहे. तांब्याचे भांडे, ढवळणी आणि तापमापक असलेला कॅलरीमापी शालेय प्रयोगशाळेतून परिचित आहे.

पद्धतीच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. डच रसायनशास्त्रज्ञ हेर्मान बुरहाव्हे यांनी १७३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात फॅरनहाइट यांनी केलेल्या पाणी व पारा यांच्या मिश्रणांचे निष्कर्ष आहेत; मात्र उष्णता पदार्थाच्या आकारमानानुसार वाटली जाते, असा बुरहाव्हे यांचा समज होता. सेंट पीटर्झबर्ग येथील गेओर्ग रिखमान यांनी मिश्रणाच्या अंतिम तापमानाचे सूत्र दिले (१७५०), पण ते एकाच द्रवाच्या दोन भागांपुरते होते. जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या सुमारास ग्लासगो येथे फॅरनहाइटच्याच आकड्यांचा वेगळा अर्थ लावला. समान आकारमानाच्या मिश्रणात पारा ३० अंशांनी उतरतो तेव्हा पाणी २० अंशच चढते. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असूनही त्याची उष्णता धारण करण्याची क्षमता कमी आहे, असे त्यांनी दाखवले. (समान आकारमानाचा पारा व पाणी यांच्या या क्षमतांचे गुणोत्तर आजच्या मापनांनुसार २०/३० म्हणजे २/३ नसून सुमारे ०.४५ आहे, निष्कर्ष मात्र टिकला.) ब्लॅक यांनी हे वर्गात शिकवले, छापले नाही. त्यांची व्याख्याने जॉन रॉबिसन यांनी १८०३ मध्ये, म्हणजे ब्लॅक यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी प्रसिद्ध केली. दरम्यान अडेअर क्रॉफर्ड यांचा प्राण्यांच्या उष्णतेवरील ग्रंथ १७७९ मध्ये आला. त्यातील विवेचनाला ग्लासगोतील अध्यापनाची पार्श्वभूमी होती. स्वीडनमध्ये योहान कार्ल व्हिल्के यांनी तापवलेले धातू गोठणबिंदूजवळच्या पाण्यात टाकून केलेली मापने १७८१ मध्ये प्रसिद्ध केली. संकल्पनेचे श्रेय ब्लॅक यांना देण्याचा प्रघात योग्यच आहे. परंतु ‘उष्ण धातू, थंड पाणी’ या ठरावीक रूपातील प्रयोगासाठी व्हिल्के यांचा दावा अधिक भक्कम वाटतो. पद्धतीला काटेकोरपणा आला तो १८४० च्या सुमारास, फ्रान्समधील आंरी व्हिक्तोर रन्यो यांच्या मापनांमुळे.

१०० ग्रॅम तांबे १०० °से. वरून २५ °से. च्या २०० ग्रॅम पाण्यात टाकल्यास मिश्रण जेमतेम २८.३ °से. ला स्थिरावते. सर्व गणित या ३.३ अंशांच्या वाढीवर उभे असल्याने ०.१ अंशाची चूक उत्तरात सुमारे ३ टक्क्यांची चूक होते. साठ ग्रॅमचे तांब्याचे भांडे हिशेबात धरले नाही, तरी उत्तर साधारण तितकेच कमी येते. म्हणून भांड्याचा जलतुल्यांक (भांड्याइतकीच उष्णता घेणाऱ्या पाण्याचे वस्तुमान) धरतात. याहून मोठी गफलत धातू उकळत्या पाण्यात बुडवून तापवल्यास होते. त्याला चिकटून आलेले केवळ एक ग्रॅम उकळते पाणी तांब्याची विशिष्ट उष्णता सुमारे ११ टक्क्यांनी फुगवते. रन्यो यांनी नमुना वाफेने वेढलेल्या कोरड्या पोकळीत तापवला, तो याचसाठी.

परिसराकडे जाणाऱ्या उष्णतेसाठी रम्फर्ड यांची युक्ती प्रसिद्ध आहे: पाणी सुरुवातीला खोलीपेक्षा जितके थंड, तितकेच शेवटी गरम होईल असे बेतावे. प्रत्यक्षात ही भरपाई अपुरी पडते, कारण पाणी आधी झपाट्याने तापते व मग कमाल तापमानाजवळ बराच वेळ रेंगाळते. त्यामुळे अचूक कामात तापमान ठरावीक अंतराने नोंदून शीतन-वक्रावरून (काळानुसार तापमान कसे उतरते हे दाखवणाऱ्या आलेखावरून) दुरुस्ती काढतात.

विशिष्ट उष्णतेची सर्वसाधारण मूल्ये (जूल प्रति ग्रॅम प्रति अंश से.): ॲल्युमिनियम ०.९०, लोखंड ०.४५, तांबे ०.३८५, शिसे ०.१३, पाणी ४.१९. जुन्या पुस्तकांत ती कॅलरीमध्ये आढळतात. जूल हे उष्णतेचे एकक म्हणून १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावर स्वीकारले गेले.

धातू १०० °से. च्या बराच वर तापवलेला असेल, तर पाण्याची वाफ होते आणि वाफेबरोबर निसटलेली उष्णता हिशेबाबाहेर राहते. अशा मापनांत पाण्याऐवजी तांब्याचा ठोकळा किंवा बुन्सेन यांचा, वितळलेल्या बर्फावरून उष्णता मोजणारा हिम-उष्णतामापी (१८७०) वापरतात.