आधी जखम स्वच्छ, मग हाड

नडगी फुटून हाड बाहेर आलं आणि जखमेत पू झाला, की पूर्वी सर्जनपुढे बहुतेक वेळा एकच उपाय उरे: जीव वाचवायला पाय कापणं. मधलं गेलेलं हाड पुन्हा भरून काढता येईल, हा विश्वास फार हळूहळू आला.

1880 च्या सुमारास ग्लासगोत सर्जन विल्यम मॅकईवेन यांच्याकडे एक लहान मुलगा उपचाराला होता. जंतुसंसर्गाने त्याच्या दंडाचं हाड सडून गेलं होतं, हात नुसता लोंबत होता. त्याच काळात मॅकईवेन मुडदूस झालेल्या मुलांच्या वाकड्या नडग्या सरळ करत. त्या शस्त्रक्रियांत काढलेल्या हाडाच्या पाचरींचे तुकडे त्यांनी या मुलाच्या दंडात टप्प्याटप्प्याने बसवले. ते जुळले, हात वाचला. मॅकईवेन हे जंतुनाशकं वापरून शस्त्रक्रिया करायची पद्धत आणणाऱ्या लिस्टर यांचे विद्यार्थी. जंतुनाशकांची शिस्त नसती तर तेच तुकडे पुवात गेले असते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत फ्रेड अल्बी यांनी विजेच्या करवतीने नडगीतून नेमक्या मापाच्या पट्ट्या कापून अस्थिरोपण रुळवलं. पण रक्तपुरवठा तुटलेलं हाड घाण जखमेत ठेवलं, तर ते स्वतःच जंतूंचं घर होतं. पुढे पेनिसिलिन आलं तरी ही अडचण संपली नाही. मेलेल्या हाडापर्यंत औषध नेणार कोण? रक्तच नाही तिथे. 1970 च्या दशकात मेलबर्नच्या इयान टेलर यांनी दुसऱ्या पायातलं, नडगीशेजारचं बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट उचललं आणि सूक्ष्मदर्शकाखाली जखमी पायात जोडलं. सायबेरियात इलिझारोव्ह यांनी तर रोपणाशिवायच, बाहेरून कड्या बसवून, रोज साधारण 1 मिलिमीटर हाड वाढवत नेलं.

मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती फ्रान्सच्या मास्केले यांनी 1980 च्या दशकात शोधलेली रीत, कारण तिने थांबायला शिकवलं. मेलेलं हाड रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत तासायचं, पोकळीत हाडाच्या शस्त्रक्रियेत वापरतात त्या सिमेंटचा ठोकळा ठेवायचा. सहा ते आठ आठवड्यांत शरीर त्याभोवती रक्तवाहिन्यांनी भरलेला पातळ पडदा विणतं. मग पडदा जपून चिरायचा, सिमेंट काढायचं, कमरेच्या हाडाचा भुसभुशीत चुरा त्या पिशवीत भरायचा आणि ती परत शिवायची. पाय वापरात यायला त्यानंतरही कित्येक महिने जातात.