पलीकडच्या साम्राज्याचा भरवसा

चवथीच्या दुसऱ्या दिवशी, आरत्या आटोपल्या की आमच्या घरी माटोळीखाली बसून दरवर्षी एक वाद होतो. विषय ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अवकाश-मालिकेचा. तिच्यातल्या फेडरेशनने, म्हणजे पृथ्वीसह अनेक ग्रहांच्या संघाने, आपल्या शत्रूवर, क्लिंगॉन साम्राज्यावर विश्वास टाकला, ते शहाणपण होते की भाबडेपणा? मावसभावंडे दोन तट पाडून भांडतात, नेवऱ्यांचे ताट रिकामे होते, निकाल लागत नाही. मला हा वाद फार प्रिय आहे. गोव्यातल्या फोंड्यात बसून तो करताना आपण आपल्याच घराण्याचा इतिहास बोलत असतो, असे मला मनापासून वाटते. पण आधी हा प्रश्न स्पेस ऑपेरात, म्हणजे अवकाशातल्या साहसकथांत, आला कुठून, ते पाहू.

सुरुवातीला असा प्रश्नच नव्हता. १९२८ साली ई. ई. स्मिथ यांची ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’ ही कादंबरी ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकातून आली आणि ताऱ्याताऱ्यांमधल्या लढायांना ऊत आला. त्या कथांतला शत्रू बहुधा संपवण्यासाठीच असायचा. १९४१ मध्ये विल्सन टकर यांनी ‘स्पेस ऑपेरा’ हा शब्द काढला तोही घासून गुळगुळीत झालेल्या अशा कथांना नावे ठेवायला. ज्या शत्रूला घरदार नाही, शेतीभाती नाही, म्हातारी माणसे नाहीत, त्याच्याशी तह करण्याचा विचार कोणाच्या मनात येणार?

शीतयुद्धाने तो विचार आणला. समोरच्याला संपवायला गेलो तर आपणही संपू, हे अणुबॉम्बमुळे सर्वांना कळून चुकले होते. डिसेंबर १९६६ मध्ये ‘स्टार ट्रेक’मध्ये रोम्युलन हे परग्रही शत्रू पहिल्यांदा दिसले. त्यांच्याशी झालेले युद्ध शंभर वर्षांपूर्वी संपलेले, तह झाला तोही एकमेकांचे तोंड न पाहता, नुसत्या संदेशांवर. मधे निर्मनुष्य पट्टा. आणि शत्रूचा चेहरा पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हा तो जहाजावरच्या स्पॉक या अर्ध्या परग्रही अधिकाऱ्यासारखाच निघतो! त्या क्षणापासून एक खलाशी आपल्याच अधिकाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. शत्रूवरचा अविश्वास असा घरात शिरतो, हे त्या भागाने फार नेमके दाखवले.

मार्च १९६७ मध्ये क्लिंगॉन आले, आणि त्यांच्याबरोबर ऑर्गेनिया. दोन महासत्तांच्या वाटेवरचा हा छोटा ग्रह, माणसे साधी, हातात शस्त्र नाही. फेडरेशन म्हणते आम्ही तुमचे रक्षण करू, क्लिंगॉन सरळ सैन्य उतरवतात. शेवटी ऑर्गेनियन लोक खरे तर अफाट शक्तीचे असल्याचे उघड होते. ते दोघांचीही शस्त्रे निकामी करून तह लादतात आणि सांगतात, पुढे कधीतरी तुम्ही मित्र व्हाल. हा भाग मी अनेकदा पाहिला आहे आणि दरवेळी एकाच जागी अडतो. लेखकाने त्या छोट्या ग्रहाला दैवी शक्ती दिली, कारण ती नसती तर त्याच्या वाट्याला काय आले असते ते आपल्याला ठाऊक आहे.

मैत्रीचे ते भाकीत खरे करायला मालिकेला वीस वर्षे लागली. १९८७ च्या नव्या मालिकेत एक क्लिंगॉन अधिकारी फेडरेशनच्या जहाजाच्या नियंत्रणकक्षात उभा होता. त्यामागची कथा सांगितली १९९१ च्या सहाव्या चित्रपटाने. क्लिंगॉनांच्या प्रॅक्सिस या चंद्रावर स्फोट होतो, मूळ ग्रहाच्या हवेला पन्नास वर्षांची मुदत उरते, आणि साम्राज्य तहाला तयार होते. १९८६ चे चेर्नोबिल आणि १९८९ ची बर्लिनची भिंत त्यात उघड दिसते. जहाजाचा कप्तान कर्क म्हणतो, यांच्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्या मुलाला क्लिंगॉनांनी मारलेले असते. मोडता घालणारा कट मात्र दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रचलेला निघतो. चित्रपट डिसेंबरात आला आणि महिना सरायच्या आत सोव्हिएत संघ विसर्जित झाला.

घरातल्या वादात दुसरा तट इथे हुकमाचे पान टाकतो: १९९५ च्या भागांत क्लिंगॉनांनी तोच करार मोडला ना? मोडला. गरज संपली, भीती बदलली, करार गेला. यावर पहिल्या तटाकडे उत्तर नसते. माझ्याकडे आहे, पण ते फेडरेशनच्या खुर्चीत बसून सुचलेले नाही.

गोव्यात हा प्रश्न छोट्याच्या बाजूने विचारला गेला. होनावरचा आरमारी सरदार तिम्मय्या याने १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कला गोव्यावर आणले. आदिलशाहीचा जाच नको होता, आणि समुद्रावरून आलेला नवा मित्र बलवान दिसत होता. २५ नोव्हेंबरला शहर कायमचे पडले आणि मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. तिम्मय्याला हवा होता तसा गोवा मिळाला नाही. अल्बुकर्कने तो आपल्या राजासाठी ठेवला. हिंदू गावकऱ्यांना दिलेले शब्द मात्र सुरुवातीला बऱ्यापैकी पाळले गेले. १५२६ च्या फोरालने, म्हणजे सनदेने, गावकारीच्या, म्हणजे गावच्या सामाईक कारभाराच्या चालीरीती लेखी मान्य केल्या. म्हणजे त्या वर्षी कुणी तिसवाडीच्या गावकाराला विचारले असते, तर पाखले, म्हणजे पोर्तुगीज, भरवशाचे आहेत असेच तो म्हणाला असता, आणि पुराव्यानिशी. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळे पाडायला सुरुवात झाली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले.

मग लोकांनी काय केले? कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला नेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. देव झुवारी ओलांडून गेले, आणि पलीकडचा मुलूख होता आदिलशहाचा. ज्याला घालवायला तिम्मय्याने फिरंग्यांना बोलावले, त्याच साम्राज्याच्या आश्रयाला पन्नास वर्षांनी आपली माणसे गेली. आदिलशहा त्या काळात बदलला नव्हता, बदलली होती ती नदीच्या अलीकडची सत्ता. हे वाचले की माझ्या अंगावर आजही काटा येतो.

पुढचे वळण याहून विचित्र. १७६३-६४ मध्ये हैदरअलीने सौंदे हे शेजारचे राज्य जिंकले, तिथला राजा गोव्यात आश्रयाला आला आणि फोंड्यासह त्याचा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती गेला. त्यांनी लोकांचे देव आणि रीतिरिवाज जपण्याचे वचन दिले. या वेळी ते बरेचसे पाळलेही. मंगेशीला, कवळ्याला आपण आज जातो ती देवळे त्याआधी मराठ्यांच्या काळात उभी राहिली होती, ती पोर्तुगीज अमलातही टिकली. साम्राज्य तेच, झेंडा तोच. दोनशे वर्षांत ते थकले होते, वसई १७३९ मध्ये गेली होती, लिस्बननेच १७५९ मध्ये जेझुइटांना हाकलले होते, आणि नव्या काबिजादीत, म्हणजे नव्याने मिळालेल्या या मुलखात, त्याला शांत, कर भरणारी वस्ती हवी होती. देवळे वाचली ती या गरजेमुळे. राज्याबद्दल मात्र सौंदेकरांची निराशाच झाली: १७९१ च्या तहाने तो मुलूख कायमचा गेला आणि घराणे बांदोड्यात राहिले.

म्हणून ‘अमुक साम्राज्य विश्वासू आहे का’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. आज त्याला काय हवे आहे, आणि उद्या ते नको झाले तर आपल्या हातात काय उरेल, हे विचारायला हवे. पोर्तुगालनेही गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व १९६१ मध्ये मानले नाही. १९७४ च्या एप्रिलमध्ये लिस्बनमधली हुकूमशाही कोसळली, आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला ते मानणारा करार भारताशी झाला. प्रॅक्सिससारखेच, आधी त्यांच्या घरात काहीतरी फुटावे लागले.

छोट्याची ही जागा स्पेस ऑपेरात अगदीच रिकामी नव्हती. १९४२ पासून आलेल्या असिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ कथांत टर्मिनस हा धातू नसलेला टोकाचा ग्रह शेजारच्या चार राज्यांना एकमेकांविरुद्ध तोलून तगतो. पण ही व्यथा पुरती मांडली ती २०१९ मध्ये आर्केडी मार्टिन यांच्या ‘अ मेमरी कॉल्ड एम्पायर’ने. लेखिका स्वतः बायझंटाइन इतिहासाच्या अभ्यासक. त्यांची नायिका लहानशा अवकाशस्थानकाची राजदूत. तिला साम्राज्याच्या कविता पाठ आहेत, त्याची भाषा तिला जीव लावते, आणि तेच साम्राज्य तिचे घर गिळायला निघाले आहे. पोर्तुगीज कविता डोळे मिटून म्हणणारे आणि तरीही मुक्तिलढ्यात तुरुंगात गेलेले गोंयकार आठवले की ती परकी वाटत नाही.

ती साम्राज्याच्या शब्दावर विसंबत नाही. त्याच्याहून मोठा, अनोळखी शत्रू सीमेवर जमतो आहे, ही बातमी तिच्या स्थानकाकडे असते. ती बातमी ती नेमक्या वेळी दरबारात उघड करते आणि स्थानकाकडे वळलेले आरमार दुसरीकडे जाते. बांदोड्याच्या राजाकडे अशी एकही बातमी नव्हती.