‘मंग सांग’ आणि जप्ती

“पोरे शेतस आठे, मंग सांग.” म्हणजे पोरं आहेत इथं, मग सांग. ओट्यावर कुणाच्या पळून जाण्याची गोष्ट रंगात आली की आजी एवढंच म्हणायची. गोष्ट तिथंच थांबायची, आणि आम्ही झोपलो असं समजून पुन्हा सुरू व्हायची. आम्ही अर्थातच जागे असायचो. खानदेशातल्या घरांत सेन्सॉर होता तो असा. बाई वर्षभर सासरी तोंड मिटून राहायची, पण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आली की झोक्यावर बसून गाण्यातून सासू-सासऱ्यांचा उद्धार करायची. त्या गाण्यांना आमच्या गावात कुणी आडकाठी केल्याचं ऐकिवात नाही.

सरकारला मात्र ‘मंग सांग’ ठाऊक नव्हतं. १८७६ साली नाटकांवर कायदा आला. १८७८ साली देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर आला, त्यातून इंग्रजी पत्रं वगळलेली. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ला रंगमंचावर आलं. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि १९१०मध्ये त्यावर बंदी आली. महाभारतातलं कथानक असूनही!

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली मास्तरकी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले साने गुरुजी ते उतरवून घेत. फेब्रुवारी ते जून, अठरा अध्याय. दगडी भिंतींआड हे चाललं, कारण विषय धर्माचा होता. त्याच गुरुजींच्या कवितांचा ‘पत्री’ हा संग्रह १९३५ला निघाला, तर सरकारनं तो जप्त केला. त्यात देशावरची गाणी होती.

पुढे सरकार आपलं झालं. घटनेनं अभिव्यक्तीचा हक्क दिला, १९५१च्या पहिल्या दुरुस्तीनं त्यावरच्या बंधनांची यादी वाढवली. जून १९७५मध्ये आणीबाणी लागली आणि मजकूर छापण्याआधी दाखवायची सक्ती आली. काही पत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तर तेही खपवून घेतलं गेलं नाही. गुरुजींनी १९४८ला सुरू केलेल्या ‘साधना’चे अंकही जप्त झाले. आधी गुरुजींचं पुस्तक गोऱ्यांनी उचललं, मग त्यांचं साप्ताहिक आपल्याच लोकांनी.

सिनेमाचं प्रकरण थोडं निराळं. १९८३ साली केंद्रीय मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आलं (कात्री गेली नाही, ती अजून चालते). २०२३च्या दुरुस्तीनं ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे पाडले. यातलं वयाचं तेवढं मला पटतं, कारण ते आजीच्या जातीचं आहे: आत्ता नको, मोठा झालास की बघ. आई-बाप मोबाइलला लॉक लावतात तेही त्यातलंच, फक्त लावलंय हे पोराला माहीत असावं. आजी निदान तोंडावर सांगायची.